बसवर बोलणारे साधन आणि ऐकणारे साधन

मित्रहो, आय-टू-सी किंवा एसपीआय बसवरचा, म्हणजे चिप ज्या सामायिक तारांवरून एकमेकींशी बोलतात त्यांवरचा, एखादा सेन्सर उत्तर देईनासा झाला, की आपण यूएसबीचे चाचणी-साधन शोधू लागतो. ते घेण्यापूर्वी ठरवायचे ते हे, की या साधनाने बसवर स्वतः बोलायचे आहे, की दोन चिपमधले बोलणे नुसते ऐकायचे आहे. एफटी२३२एच, एमसीपी२२२१ए किंवा सीपी२११२ ही पहिल्या प्रकारची साधने मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे बोर्डवरचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपच्या, जागी बसतात. त्यांना सेन्सरने उत्तर दिले तर सेन्सर शाबूत आहे आणि त्याचा बसवरचा पत्ता (ओळख-क्रमांक) बरोबर आहे, एवढे सिद्ध होते. दोष मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये असेल, तर तो मात्र दिसणार नाही, कारण त्या वेळी तो प्रोग्रॅम चालतच नसतो. त्यासाठी ऐकणारा, म्हणजे तारांवरचे शून्य-एक नुसते टिपून घेणारा, लॉजिक अ‍ॅनालायझरच हवा.

त्यानंतर व्होल्टेज पाहावे. सीएच३४१ए चिपवर चालणारा काळा, स्वस्त प्रोग्रॅमर (मेमरी-चिपमध्ये माहिती भरणारे साधन) जोडलेल्या चिपला ३.३ व्होल्टचा पुरवठा देतो, पण त्याच्या अनेक बोर्डांवर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, १.८ व्होल्टच्या सेन्सरला असे साधन मी कधीही जोडू देणार नाही.

सर्वांत फसवी गोष्ट पुल-अप रोधकांची आहे. आय-टू-सीमध्ये चिप तार फक्त खाली खेचते, ती वर नेण्याचे काम रोधक करतो. आपल्या बोर्डवर १० किलोओहमचा रोधक आणि तारेची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरड असेल, तर तार वर चढायला सुमारे ८५० नॅनोसेकंद लागतात. बसचा वेग १०० किलोहर्ट्झ असेल, तर त्याला १००० नॅनोसेकंदांची मुभा असल्याने ते चालते. ४०० किलोहर्ट्झला मर्यादा ३०० नॅनोसेकंदांची आहे, तिथे ते नियमात बसत नाही. आता ज्या साधनावर स्वतःचे ४.७ किलोओहमचे रोधक आहेत ते जोडा. दोन्ही रोधक समांतर येऊन ३.२ किलोओहम होतात आणि, साधनाच्या तारांची धारकता सोडली तर, चढण्याचा वेळ २७० नॅनोसेकंदांवर येतो. म्हणजे साधन जोडलेले असेपर्यंत बोर्ड उत्तम चालतो आणि ते काढले की पुन्हा अडखळू लागतो. म्हणून अंतर्गत पुल-अप बंद करता येतात की नाही, हे मी साधनाच्या वेगाच्याही आधी पाहतो. शिवाय लॉजिक अ‍ॅनालायझरला फक्त शून्य आणि एक कळते, संथ चढण कळत नाही. ती व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरच पाहावी लागते.

वेगाबद्दल एवढेच, की फुल-स्पीड यूएसबीची फ्रेम (माहितीच्या देवाणघेवाणीची एक पाळी) १ मिलिसेकंदाची असते; त्यामुळे एकेक बाइट मागवत बसलात तर बस कितीही वेगवान असली तरी चाचणी रेंगाळते. आज्ञांचा गठ्ठा एकदम पाठवू देणारे साधन घ्यावे.

ऐकण्यासाठी २४ मेगाहर्ट्झने नमुने घेणारा आठ चॅनेलचा अ‍ॅनालायझर आणि पल्सव्ह्यू हे मुक्त सॉफ्टवेअर आय-टू-सीला भरपूर पुरते. एसपीआयचे घड्याळ (बिटांना ताल देणारा संकेत) ८ मेगाहर्ट्झचे असेल, तर मात्र प्रत्येक ठोक्याला तीनच नमुने मिळतात. निदान चार तरी हवेत, आणि तिथे अधिक वेगाचा अ‍ॅनालायझर घेण्यावाचून इलाज नाही.