काचेची पेटी आणि पंचवीस सेंटचं तिकीट

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज बाळांबद्दल बोलायचंय. आणि बाळं म्हणजे गुटगुटीत, गालावर खळ्या वगैरे असलेली नव्हे, तर ती जी घाई करून येतात. दिवस भरायच्या आधीच. कुणाच्या घरी असं झालं की पुढचे काही आठवडे फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, "बाळ पेटीत आहे". बास. कसली पेटी, कुठली पेटी, कोणी विचारत नाही. सगळ्यांना कळतं आणि सगळे आपोआप आवाज खाली करतात.

तर आज त्या पेटीची, म्हणजे इनक्युबेटरची गोष्ट. खरं सांगू का, ही गोष्ट सांगायची मला इतकी हौस आहे की मागे एकदा विषय होता बाळाला दात येण्याचा, आणि मी त्यातसुद्धा ही घुसवायच्या बेतात होतो, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून प्रोड्यूसरने असे काही डोळे वटारले की मी मुकाट्याने हिरड्यांवर परत आलो. आज मात्र कोणी अडवणार नाही.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. १८८० च्या सुमाराची गोष्ट, स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतीचे मोठे डॉक्टर होते. ते प्राणिसंग्रहालयात गेले आणि तिथे त्यांनी कोंबडीची अंडी उबवायची पेटी बघितली. आपण बघितली असती तर म्हणालो असतो वा, छान, आणि पुढे माकडं बघायला गेलो असतो. हे गृहस्थ तिथेच थांबले. म्हणाले पिल्लं जगतात तर बाळं का नाही जगणार? आणि ज्याने ती कोंबड्यांची पेटी बनवली होती त्याच्याकडूनच बाळांसाठी पेटी बनवून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळ, झाकण काचेचं. दोन किलोच्या आतली बाळं त्यांच्या दवाखान्यात शंभरातली ६६ दगावायची, ती ३८ वर आली. अंड्यांच्या पेटीमुळे, बरं का. कोंबडीच्या अंड्यांच्या.

आता तुम्हाला वाटेल की झालं, जगभरच्या दवाखान्यांनी धडाधड पेट्या घेतल्या असतील. तर नाही. फार थोड्या ठिकाणी घेतल्या. पेट्या महाग, नर्स चोवीस तास हवी, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच डॉक्टरांचं मत असं की हे बाळ कमजोर आहे, जाणारच आहे, कशाला एवढा खटाटोप. मोठ्या माणसांना एखाद्या गोष्टीत हात घालायचा नसला की ती "जाणारच होती" असं म्हणायची फार सवय असते, घरातल्या कुंडीतल्या झाडापासून बघा तुम्ही. असो.

आणि इथे येतो माझा माणूस. मार्टिन कूनी. अमेरिका, न्यूयॉर्क, कोनी आयलंड. कूनी आणि कोनी, गोंधळ करू नका, माणूस कूनी आणि जागा कोनी. समुद्रकिनारी मोठ्ठं करमणुकीचं पार्क, पाळणे, घसरगुंड्या, दिव्यांची रोषणाई, आरडाओरडा, आणि या सगळ्याच्या मधोमध १९०३ साली या माणसाने काय उघडलं? अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड. हो. जत्रेत. बाहेर पाटी, इनक्युबेटर, आत जिवंत बाळं. तिकीट पंचवीस सेंट.

मला माहितीय तुम्हाला काय वाटलं. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं, शी, हे काय, बाळांचा तमाशा? थांबा जरा.

कारण ते पंचवीस सेंट कोण देत होतं बघा. बघायला येणारे लोक. आईबापांकडून हा माणूस एक पैसा घेत नव्हता. एका बाळाचा खर्च तेव्हा दिवसाला पंधरा डॉलरच्या आसपास यायचा, तो काळ लक्षात घ्या, साध्या कामगाराला कुठून परवडणार. तो सगळा खर्च तिकिटांतून. गरीब असो, श्रीमंत असो, कुठल्याही रंगाचं असो, बाळ आणा, मी घेतो. आईबापांकडून एक पैसा नाही, हे परत सांगतो कारण लोक हेच विसरतात आणि तमाशा तेवढा लक्षात ठेवतात.

आणि आत कडक शिस्त! बाळांना दूध पाजायला दाया ठेवलेल्या, त्यांनी बाहेरच्या गाड्यांवरचं हॉट डॉग किंवा सरबत घेताना दिसायचं नाही, दिसली की नोकरी गेली. हवा बाहेरून नळीने यायची आणि गाळून आत जायची. दूध ओढायचीही ताकद नसलेल्या बाळाला बारीक चमच्याने नाकातून थेंब थेंब दूध द्यायचे. लुईज रेख्त म्हणून त्याची एक मुख्य नर्स होती, ती लोकांसमोर आपल्या बोटातली अंगठी काढायची आणि बाळाच्या पंजातून सरकवून मनगटावर नेऊन ठेवायची. अंगठी! मनगटावर! लोक एकदम गप्प व्हायचे म्हणतात. आणि कूनी एवढा चतुर की बाळांना मुद्दाम मोठ्या मापाचे कपडे घालायचा, वर मोठी रिबिन, म्हणजे ती आणखी छोटी दिसावीत. तिकीट खपायला पाहिजे ना. या माणसाला दुकानदारी कळत होती, आणि मला विचाराल तर चांगलं काम करणाऱ्यांना थोडी दुकानदारी कळायलाच हवी, नाहीतर चांगली माणसं कोपऱ्यात बसून राहतात आणि माईक भलत्यांच्याच हातात जातो. रेडिओवरून बोलतोय तर हे माझ्यावरही उलटू शकतं, जाऊ दे.

एक गंमत सांगायची राहिली. कूनी स्वतःला डॉक्टर म्हणवायचा, पण त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी होती याचा पुरावा आजवर कोणालाही सापडलेला नाही. पुढे जे खरे डॉक्टर त्याच्याकडे नाक मुरडायचे, त्यांच्यातलेच काहीजण आपली बाळं गुपचूप त्याच्याकडे पाठवायला लागले. आणि त्याची स्वतःची मुलगी, हिल्डगार्ड, तीही दिवस भरायच्या आधी आली, सहा आठवडे आधी. कुठे ठेवली असेल? तिथेच, त्याच जत्रेतल्या पेटीत. पुढे ती नर्स झाली आणि वडिलांच्याच हाताखाली कामाला लागली.

१९११ साली शेजारच्या ड्रीमलँड पार्कमध्ये मोठी आग लागली, तिथेही त्याच्या पेट्या होत्या. रात्रीची वेळ, सगळं लाकडी बांधकाम, भडका उडाला. नर्सेसनी बाळं उचलली आणि पळाल्या. सगळी बाळं वाचली. सगळी.

आता या सगळ्यात माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. रेडिओचा आवाज वाढवा हवं तर.

१९२० साल. एका घरी जुळ्या मुली झाल्या, फार लवकर. एक लगेच गेली. दुसरी साधारण नऊशे ग्रॅमची, म्हणजे एक किलोची साखर आणतो ना आपण, त्याहून हलकी. दवाखान्यात सांगितलं की हिचंही काही खरं नाही, आमच्याकडे काही सोय नाही. वडील म्हणाले, नाही, असं नाही. तो माणूस कोनी आयलंडला जाऊन आलेला होता, त्याने ती पाटी वाचलेली होती. त्याने काय केलं, तर मुलीला टॉवेलात गुंडाळलं, खाली आला, टॅक्सी थांबवली आणि म्हणाला, कोनी आयलंड.

मला नेहमी त्या टॅक्सीवाल्याचं वाटतं. त्याला काय वाटलं असेल? माणूस जत्रेला निघालाय, एकटा, घाबराघुबरा, हातात टॉवेल, आणि टॉवेलात काहीतरी आहे ते हलतंय न हलतंय. आणि त्या बापाच्या डोक्यात पूर्ण रस्ता काय चाललं असेल. एक गेली. एक हातात आहे. गाडी सिग्नलला थांबली असेल. त्याने टॉवेलाची घडी जरा बाजूला करून बघितलं असेल, परत झाकलं असेल. हे मी माझ्या पदरचं सांगतोय हं, पण कुठल्याही बापाला विचारा.

मुलगी पेटीत गेली. सहा महिने राहिली तिथे. पाळण्यांचा आवाज, लोकांची गर्दी, पंचवीस सेंट, काचेला लागलेली नाकं. आणि घरी आली. जगली. शाळेत गेली.

पुढे सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर ती एकदा स्वतःच तिकीट काढून तिथे गेली. तोच प्रकार अजून चालू होता. आत कूनी उभा होता, म्हातारा झालेला. ती त्याच्यासमोर गेली आणि ओळख सांगितली, मी तुमच्या पेटीतली. म्हाताऱ्याला काय आनंद झाला असेल. पण त्याने काय केलं ऐका. तिथे एका पेटीसमोर एक माणूस उभा होता, आतल्या बाळाचा बाप, काचेतून आत बघत. कूनी त्याच्यापाशी गेला, त्याच्या खांद्यावर टकटक केलं, आणि म्हणाला, या मुलीकडे बघा. ही आमच्या बाळांपैकी एक आहे. तुमचं बाळही असंच मोठं होणार आहे.

(थोडं थांबून) हं.

ती मुलगी नव्वदी पार करून गेली, मंडळी. नऊशे ग्रॅमची मुलगी.

तर कूनीने असं चाळीस वर्षं चालवलं. १९४३ साली कोनी आयलंडचा वॉर्ड बंद केला कारण तोपर्यंत मोठ्या दवाखान्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे विभाग सुरू व्हायला लागले होते. त्याच्या स्वतःच्या हिशोबाने साडेसहा हजारांच्या आसपास बाळं वाचली. १९५० मध्ये गेला, हातात फारसा पैसा नसताना.

अरे, प्रोड्यूसर घड्याळ दाखवतोय. बघा, अर्ध्याहून जास्त वेळ कूनीनेच खाल्ला, आणि मला आजच्या काळातलं काही सांगायचंच आहे अजून, तर पटकन.

पेटीची एक अडचण तेव्हापासून लक्षात आलेली होती. पॅरिसमध्येच, तार्निएंचे विद्यार्थी पिएर ब्यूदां म्हणून होते, त्यांनी लिहून ठेवलंय की बाळ बरेच दिवस पेटीत आणि आई लांब राहिली की आईची ओढ कमी व्हायला लागते. म्हणजे बाळ जगतं पण मधे काच येते. यावर उपाय सापडला तो कोलंबियात, बोगोटा शहरात, १९७८ साली. डॉ. एडगर रे सानाब्रिया. तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन दोन तीन तीन. यांनी म्हटलं पेटी नाही ना, मग आई आहे की. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे, आणि आईच्या छातीवर उभं, कातडीला कातडी लावून, वरून कापडाने बांधून टाकायचं. कांगारूसारखं. म्हणून नाव कांगारू केअर.

कातडीला कातडी. कपड्यावरून नाही, हे परत सांगतो, कातडीला कातडी. ऊब मिळते, बाळाचा श्वास आणि ठोके स्थिर राहतात, दूधही उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला हे जन्मल्याबरोबर सुरू करा, दिवसात ८ ते २४ तास. आधी म्हणायचे बाळ स्थिरावल्यावर करा, आता म्हणतात थांबू नका, फक्त ज्या बाळाला स्वतःहून श्वास घेता येत नाही किंवा जे शॉकमध्ये आहे, म्हणजे ज्याच्या अंगात रक्त नीट फिरत नाहीये, त्याला आधी सावरायचं. घरी बाळ असं आलं असेल तर आपल्या डॉक्टरांना, नर्सला विचारा कसं बांधायचं, त्या हाताने दाखवतात. आणि आई थकली असेल, झोपली असेल तर बाप करू शकतो, आजी करू शकते. बापाची छाती पण गरमच असते.

आणि भेटायला जाणाऱ्यांनी, हात धुवा हो. आधी हात धुवा, मग बाळ. खरं तर बाळाला हात लावायचीच एवढी काय घाई असते लोकांना मला कळत नाही, मोबाईलला लावा ना हात, फोटो काढा, म्हणजे फोटोही नकोच, पण ठीक आहे.

माझा एक मित्र, सहा फूट, आवाज असा की लिफ्टमध्ये बोलला तर चारही मजल्यांवर कळतं. त्याचं बाळ लवकर आलं, घरी आणल्यावरही काही आठवडे छातीवर ठेवायचं होतं. मी गेलो बघायला तर बायको आतल्या खोलीत गाढ झोपलेली, दार आधीच नुसतं लोटून ठेवलेलं. हा आरामखुर्चीत मागे टेकून बसलेला, शर्टाची बटणं उघडी, छातीवर कापडाने बांधलेलं बाळ, बाहेर फक्त टोपी दिसतेय. दोन्ही हात बाळाखाली आणि बाळावर. हलत नव्हता, नुसता डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं काहीतरी झालं. जवळ गेलो, म्हटलं काय रे, काय होतंय?

तर आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मला ऐकू आला नाही, ओठांना कान लावावा लागला. म्हणाला, "अर्धा तास झाला, नाकाला खाज सुटलीय. जरा खाजव ना."

मी हात पुढे केला. तर म्हणतो, "आधी हात धुऊन ये."