शाळा सुटल्यानंतरचं शिक्षण

मंडळी, विषय मोठा दिलाय: शिक्षण, काम आणि स्वातंत्र्य. वडोद्यात यावर बोलायचं तर इथले महाराज सयाजीराव गायकवाड यांना टाळता येत नाही, आणि टाळूही नये. कवळाण्याहून दत्तक आलेल्या त्या मुलाला बाराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानंच पुढे १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. हे तुम्हाला पाठ आहे. माझा जीव अडकलाय तो पुढच्या पायरीत.

चौथी झालेला मुलगा शेतावर गेला आणि वर्षानुवर्षं छापलेला कागद हाती आला नाही, तर शिकलेलं विसरतो. सही जमते, कर्जाचा कागद मात्र सावकारालाच वाचायला सांगावा लागतो! महाराजांनी हे ओळखलं. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन आले, ग्रंथालयांचं वेगळं खातं निघालं, लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेची जमीन आहे. वरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यावर उतरतो आणि लोखंडाला वाळवी लागत नाही. गेला नसाल तर आधी ते बघून या.

आता माझी तक्रार. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं आणि नंतर मराठी पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे कचऱ्यात गेले. त्यातली कितीतरी वाचवता आली असती! पावसाळा दरवर्षी येतो, म्हणून नीट सांगतो.

भिजलेलं पुस्तक आधी उघडू नका. चिखल असेल तर मिटलेलंच हातात घट्ट धरून स्वच्छ पाण्यात हळू हलवा. चोळलंत तर गाळ कागदात मुरतो. मग कोरड्या पंच्यात दाबून पाणी काढा. हाताशी वेळ अट्ठेचाळीस तासांचा. त्यानंतर बुरशी धरते, म्हणून सगळी एकदम हाताळता येणार नसतील तर एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं दोन-दोन बाहेर काढा. फ्रीझरमध्ये मटार असतील तर आठवडाभर मटारांनी बाहेर राहावं, पुस्तकांचा मान मोठा! वाळवताना दर वीस-पंचवीस पानांमागे टीपकागद घाला, ओला झाला की बदला, आणि पंखा चालू ठेवा. ऊन नको, इस्त्री तर नकोच. उन्हात कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, पुठ्ठा वाकतो. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर सुटतच नाहीत; अशी पुस्तकं ओली असतानाच सर्वांत आधी फ्रीझरमध्ये.

आणि ती चिकटपट्टी! फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं म्हणजे त्या पानावर डाग ठरवून ठेवणं. काही वर्षांत पट्टी सुटते, गोंद कागदात उतरून तपकिरी होतो. घरात मैदा आहे ना? एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन खळ काचेसारखी झाली की उतरवा, गार करून गाळा. फाटीवर ब्रशनं अगदी पातळ लावायची, वर पातळ टिशूची पट्टी, दोन्ही बाजूंना बटर पेपर आणि रात्रभर वजन. जाड लावलीत की पान सुरकुततं आणि कसर खळीवर ताव मारते. खळ फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, वास आला की टाकून द्यायची.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिला, तो भराभर मांडतो.

वाचता येणाऱ्याला मनाला येईल ते पुस्तक स्वतः उचलता येणं, हे मी स्वातंत्र्य मानतो. ते टिकतं ते खळ शिजवणाऱ्या, पेटी वाहणाऱ्या, नोंद ठेवणाऱ्या हातांवर. म्हणून शिक्षण वर आणि हातकाम खाली अशी उतरंड मला मान्य नाही. महाराजांनाही नव्हती, हातकाम आणि तंत्र शिकवणारं १८९०चं कलाभवन बघा. सिनेमावाले दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आयुष्याला अर्थ कशानं येतो असं तरुण मुलं विचारतात. माझं प्रामाणिक उत्तर असं की, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं एक काम नीट शिका आणि ते रोज करा.

गावातल्या ग्रंथालयाचा खर्च तेव्हा तीन वाट्यांत होता: लोकांनी वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीनं घालायची, तेवढीच सरकारनं. लोकांचा वाटा पहिला असल्यामुळे ग्रंथालय गावाचं राहिलं. सोसायटीतही हेच करा. एक कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे, म्हणजे ओल लागत नाही. रजिस्टरला चार रकाने: पुस्तकाचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, परतीची तारीख. मुदत पंधरा दिवस. दंड ठेवू नका; दंडाच्या भीतीनं लोक पुस्तक परत आणायचंच टाळतात. आणि किल्ली तीन घरांत असू द्या, त्यातलं एक घर शाळकरी मुलांचं.