नळीतली चव

(क्लोज-अप: सुटा केलेला टॅप, आत फिरणारा बारीक ब्रश)

ब्रश आत गेला तेव्हा पांढरा होता. बाहेर येतोय तो तपकिरी होऊन. केसांना चिकटलेला हा थर चिमटीत धरून ओढला, तर त्याला तार सुटते. नाशिकमधल्या एका परमिट रूमचा हा टॅप आहे. काल रात्री बार बंद होईपर्यंत यातून मगावर मग भरले जात होते.

बिअर आंबट लागते, ही पहिली तक्रार. मग कुणी म्हणालं, लोण्यासारखा वास येतो. कुणी म्हणालं, पाणी मारलंय. मालकांनी केग, म्हणजे बिअरचं पिंप, बदलून पाहिला, चव तीच राहिली. सगळा दोष बिअर बनवणाऱ्यांवर ढकलून झाला. त्या काळात रोजची गिऱ्हाइकं तुटली, आणि पाणी मिसळल्याच्या संशयावरून एका वेटरची नोकरी गेली.

(बारचं शटर अर्धं वर, टेक्निशियन पिशवी घेऊन आत येतो)

सकाळी बार उघडायच्या आधी हे काम करावं लागतं. ड्राफ्ट लाइन, म्हणजे केगपासून टॅपपर्यंत बिअर आणणारी नळी, धुणारी माणसं गावात मोजकीच आहेत, आणि त्यांच्या कामाची किंमत बहुतेक मालकांना लाइन बिघडल्यावर कळते. हे दादा आल्या आल्या टॅपला हात लावत नाहीत. ते सरळ मागच्या कूलरमध्ये जातात, जिथे केग ठेवलेत.

त्यांच्या पिशवीत हातभर लांबीची स्वच्छ नळी आहे, आणि स्वतःचा कपलर. केगच्या तोंडावर बसतो, गॅस आत सोडतो आणि बिअर बाहेर काढतो, तो हा कपलर. बारचा कपलर काढून ते आपला बसवतात आणि थेट केगमधून एक ग्लास भरून घेतात. दुसरा ग्लास बाहेरच्या टॅपवरून. केग एकच, बिअर एकच. फरक फक्त मधल्या वाटेचा.

(दोन ग्लास शेजारी शेजारी, मागे खिडकीचा उजेड)

नीट बघा. डावीकडचा केगमधला. फेस दाट, बिअर नितळ. उजवीकडच्या टॅपच्या ग्लासात किंचित गढूळपणा आहे. दादा दोन्ही ग्लास तळहातांत धरून थोडे कोमट होऊ देतात, कारण थंडगार बिअरमध्ये वास दबून राहतात. वरून हात झाकतात, ग्लास गोल फिरवतात, हात काढून लगेच हुंगतात.

नाशिकला ही रीत नवी नाही. 1999 मध्ये सुला ही वाइन कंपनी इथे उभी राहिली, आणि नंतर गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनचा ग्लास नाकाशी नेऊन त्यावर बोलणारी माणसं या गावाने पाहिली. द्राक्षाच्या रसाला मिळालेला तो मान जवाच्या पेयाला अजून मिळालेला नाही. बिअर म्हणजे थंड असली की झालं, असं आपण धरून चालतो. या ग्लासातला वास मात्र थंडपणाखाली लपलेला नाही.

केगकडच्या ग्लासाला धान्याचा आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, स्वच्छ वास. टॅपकडच्या ग्लासाला लोणी, आणि त्यामागून आंबूसपणा. दादा एवढंच म्हणतात, "शेठ, माल चांगलाय. लाइन खराब आहे."

लोण्याचा हा वास येतो डायअॅसिटिलचा. बिअर आंबताना यीस्ट थोडं डायअॅसिटिल तयार करतंच, आणि पुरेसा वेळ मिळाला तर तेच यीस्ट ते परत खाऊनही टाकतं. बनवणाऱ्याने घाई केली तर ते मागे राहतं. मग तो वास केगमधल्या ग्लासातही आला असता. इथे तो फक्त टॅपच्या ग्लासात आहे. म्हणजे नळीत पेडियोकोकस नावाचे जिवाणू बसलेत, आणि डायअॅसिटिल तेच करतायत. त्यांच्याच जातकुळीचे लॅक्टोबॅसिलस दूध विरजावं तसा आंबटपणा आणतात. व्हिनेगरसारखा झोंबणारा आंबटपणा वेगळा. तो अॅसिटोबॅक्टरचा, आणि अॅसिटोबॅक्टरला हवा लागते, म्हणून तो टॅपच्या तोंडाशी आणि ड्रिप ट्रेमध्ये घर करतो. वाइनरीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पिंपात हवा शिरली की वाइनचं व्हिनेगर करणारा हाच.

हे जिवाणू माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत. मद्यार्क, आम्लता आणि हॉप्सचा कडवटपणा यांमुळे रोगजंतूंचा बिअरमध्ये टिकाव लागत नाही. पण चवीचा घात करायला हे पुरेसे आहेत, आणि एकदा नळीच्या आतल्या भिंतीला त्यांचा थर धरला की नुसत्या पाण्याने तो हलत नाही.

(नळीचा कापलेला तुकडा, आतून दिसणारा पिवळसर थर)

हा कापलेला तुकडा उन्हात धरला तेव्हा आम्हालाही पहिल्यांदा स्पष्ट दिसला. बाहेरून नळी पारदर्शक वाटते. आतून तिच्यावर दोन थर आहेत. मऊ आहे तो जिवाणू आणि यीस्टचा. खरखरीत आहे तो बिअर स्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा. या खड्याच्या खाचांमध्ये मऊ थराला आसरा मिळतो. म्हणून एकाच औषधाने काम भागत नाही.

(बादली, हातमोजे, डोळ्यांना गॉगल, पंप सुरू होतो)

आता धुलाई. आधी केग सोडवून नळीतली बिअर साध्या पाण्याने बाहेर ढकलायची. मग कॉस्टिकचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण, साधारण 2 टक्क्यांचं, कोमट पाण्यात. कॉस्टिक हाताला लागलं तर कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर दृष्टीवर बेततं, म्हणून गॉगल आणि मोज्यांशिवाय दादा डब्याचं झाकणही उघडत नाहीत. पंप लावून हे द्रावण लाइनमध्ये 15 मिनिटं फिरवत ठेवायचं. पाण्याला वेग हवा, मिनिटाला साडेसात लिटरच्या आसपास, कारण थर नुसता भिजून सुटत नाही, त्याला घासलं जावं लागतं. पंप नसेल तर द्रावण नळीत भरून किमान 20 मिनिटं तसंच ठेवायचं.

बादलीत परत येणारं पाणी बघा. सुरुवातीला चहाच्या रंगाचं, त्यात तरंगणाऱ्या चिंध्या. मग फिकं. मग जसं गेलं तसंच परत.

तोवर दादांचे हात रिकामे नाहीत. टॅपचा प्रत्येक भाग सुटा करून ब्रशने घासतायत. वॉशर, ओ-रिंग, आतला दांडा. कपलरही तसाच उघडलाय. एका टॅपच्या नळीत क्रोमचा मुलामा उडून आतलं पितळ दिसतंय. बिअर आम्लधर्मी असते, पितळावरून गेली की जिभेवर लोखंडी, रक्तासारखी चव ठेवून जाते. तो टॅप दादांनी बाजूला काढून ठेवलाय. त्या जागी स्टेनलेस स्टीलचा बसेल.

शेवटी स्वच्छ पाणी, आणि लिटमसची पट्टी. नळाच्या पाण्यात बुडवलेली एक, लाइनमधून आलेल्या पाण्यात बुडवलेली दुसरी. दोन्हींचा रंग एक होईपर्यंत पाणी सोडत राहायचं. इथे कंटाळा केला तर औषध बिअरमध्ये उतरतं. काही ठिकाणी धुलाईनंतर क्लोरीन वापरतात आणि नीट खंगाळत नाहीत. मग बिअरला दवाखान्यासारखा वास येतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा बनवणाऱ्याला शिव्या देतं.

ही कॉस्टिकची धुलाई दर 14 दिवसांनी. खड्यासाठी अॅसिडची धुलाई दर 3 महिन्यांनी, आणि ती वेगळ्या वेळी. अॅसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो.

(कूलरच्या आत, थर्मामीटर)

आता जिथून सुरुवात केली तिथे, केगपाशी. थर्मामीटर 9 अंश दाखवतोय. असायला हवं 3 ते 4. रात्री बार बंद करताना कूलरचा खटकाही खाली करायची इथे सवय आहे, विजेचं बिल वाचावं म्हणून. मे महिन्यात नाशिकचा पारा 40 च्या आसपास जातो. 50 लिटरचा केग तापायला जसा वेळ घेतो, तसाच परत गार व्हायलाही घेतो. संध्याकाळी गर्दी सुरू होते तेव्हा बाहेरचा पत्रा गार लागतो, पोटातली बिअर नाही.

कोमट बिअर गॅस धरून ठेवत नाही. टॅप उघडला की फेसच फेस. वैतागून पोरं गॅसच्या दाबाचा रेग्युलेटर कमी करतात. दाब कमी झाला की उरलेला गॅसही नळीतच सुटतो, फेस आणखी वाढतो आणि मगात पडते ती मेलेली बिअर. रेग्युलेटरचा काटा बघा, 6 वर आलाय. 3 अंशांवरच्या साध्या लागर बिअरला 11 ते 12 पीएसआय दाब लागतो. दादा आधी खटका वर करतात. दाब उद्या, केग गार झाल्यावर.

(सिंक, मगांची रांग, मिठाची चिमूट)

हे शेवटचं दृश्य आम्हाला सगळ्यात आवडलं. एक मग पाण्यात बुडवून काढला आणि आतून मीठ भुरभुरलं. जिथे काच स्वच्छ आहे तिथे मीठ सारखं चिकटलं. जिथे चिकटलं नाही, तिथे तेल आहे. या बारमध्ये मसाला शेंगदाण्याच्या बशा आणि बिअरचे मग एकाच घासणीने घासले जातात. त्या तेलावर फेस दोन मिनिटंही टिकत नाही. पाणी मारल्यासारखी दिसणारी बिअर ती हीच. वेटरने काहीच मिसळलं नव्हतं.

मगांसाठी वेगळं सिंक, वेगळा ब्रश, आणि पुसायला फडकं नाही. उपडे ठेवायचे, जाळीवर, हवेवर सुकू द्यायचे.

(तीन टॅप, तीन ग्लास)

दुपारी पुन्हा चव घेतली. पहिल्या दोन टॅपना आता केगचीच चव आहे. तिसऱ्याला अजून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय, आणि थेट केगमधून काढलेल्या ग्लासातही तोच. ही लाइनची चूक नाही. बिअर जुनी झाली, उष्णता लागली किंवा तिच्यात हवा शिरली की असा वास येतो, आणि तो कशानेही परत जात नाही. केगवरची तारीख उलटून गेलेली. दादांनी त्यावर खडूने फुली मारली. तो परत जाईल.

मालकांचा एकच प्रश्न उरलाय. "भाऊ, पंधरा दिवसांनी एवढी बिअर गटारात घालायची? महिन्याने केलं तर?"

दादा टेप काढून नळी मोजतात. कूलरपासून टॅपपर्यंत 8 मीटर, आतला व्यास 6 मिलिमीटर. मीटरमागे 28 मिलिलिटर बिअर मावते. मोबाइलवर गुणाकार करून ते स्क्रीन मालकांपुढे धरतात. 224 मिलिलिटर. एका टॅपमागे एक मगसुद्धा नाही.

मालक काउंटरमागचं कॅलेंडर उतरवतात आणि पुढच्या चौदाव्या दिवसाभोवती पेनाने गोल करतात. मग पान उलटून त्यापुढचाही.