इन्फ्रारेड रोल धुताना

[दृश्य: भर उन्हातलं मोठं झाड. रंग विरत जातात. पानं पांढरी, आकाश काळं.]

पानं बर्फासारखी पांढरी आणि निळं आकाश जवळजवळ काळं. रॉबर्ट विल्यम्स वुड या भौतिकशास्त्रज्ञानं १९१० साली अशी छायाचित्रं प्रसिद्ध केली, आणि त्यांचं गारूड अजून उतरलेलं नाही. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, पण त्याच्या पलीकडच्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशाला अडवत नाही. तो पानाच्या आतल्या पेशींमध्ये विखुरतो आणि बराचसा बाहेर परततो.

पानांचं हे कौतुक खरंच, पण रोल धुताना बघायची ती सावली.

[दृश्य: झाडाचं खोड, सावलीतली साल.]

उघड्यावरच्या सावलीत उजेड येतो तो बहुतांशी निळ्या आकाशातून. त्या उजेडात अवरक्त प्रकाश फारच थोडा. म्हणून खोडाची ही साल डोळ्यांना स्वच्छ दिसते, लाइट मीटरही ती दाखवतो, पण बहुतेक दिसणारा प्रकाश अडवणाऱ्या ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरमागे बसलेल्या फिल्मसाठी तिथे अंधारच असतो. जे फिल्मवर उमटलंच नाही, ते डेव्हलपर, म्हणजे रोल धुण्याचं रसायन, कुठून आणणार? टाकीत वेळ वाढवला की निगेटिव्हवर काळी उमटणारी पानं आणखी घट्ट होतात, ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणा, वाढतो. साल काही येत नाही.

म्हणून कडक उन्हात मी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवतो आणि धुण्याचा वेळ कमी करतो: फिल्मच्या धुण्याच्या तक्त्यात १० मिनिटं असतील, तर साडेआठ. तापमान २० अंश सेल्सिअस, दर मिनिटाला पहिले १० सेकंद टाकी उलटसुलट. ढगाळ दिवशी पूर्ण वेळ, कधी मिनिटभर जास्तही.

जुन्या इन्फ्रारेड चित्रांत पानांभोवती दिसणारं धुकट तेज मात्र वेळ वाढवून मिळत नाही. कोडॅकच्या एचआयई फिल्मला परावर्तन रोखणारा थर नव्हता, तेज तिथून यायचं. ती सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत पाहायची; २००७ मध्ये ती बंद झाली. आजची रोलाय इन्फ्रारेड साधारण ८२० पर्यंत जाते, इल्फर्ड एसएफएक्स ७४० पर्यंत. एचआयईच्या जुन्या तक्त्यातली मिनिटं या रोलना लावू नका.

[दृश्य: छापील कागदावर ठेवलेली निगेटिव्ह.]

वाळलेली निगेटिव्ह छापील कागदावर ठेवून पाहा. पानांच्या सगळ्यात काळ्या भागातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसत नसतील, तर रोल जास्त धुतला गेलाय.

एक रोल यासाठी खर्च कराच. एकच झाड, एकच ऊन, सगळ्या फ्रेमना तेच एक्स्पोजर. पूर्ण अंधारात रोलचे तीन तुकडे करा आणि ७, साडेआठ व १० मिनिटं धुवा.

[दृश्य: तीन पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले), शेजारी शेजारी.]

पहिल्या पट्टीत पानं करडी, मरगळलेली. तिसरीत पानांच्या जागी नुसता कोरा कागद. मधल्या पट्टीत पांढऱ्या पानांवर शिराही दिसतायत.