ओलं रेझिन कपड्यावर सांडलं तर

तुमच्यापैकी बरेच जण घरी रेझिनचे ट्रे, घड्याळं, कीचेन करता. म्हणजे कधी ना कधी अंगावर सांडणारच. सांडलं की आपला हात आधी नळाकडे जातो, आणि गरम पाणी मिळालं तर आणखी बरं वाटतं. तिथेच कपडा हातचा जातो.

या वस्तूंसाठी आपण वापरतो ते एपॉक्सी रेझिन पाण्यात विरघळत नाही. रेझिन आणि ते घट्ट करणारं दुसरं द्रव, म्हणजे हार्डनर, एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांना घट्ट जोडले जातात, त्यातून उष्णताही निघते. हे जाळं एकदा पक्कं झालं की अ‍ॅसिटोन ओता, इस्त्री फिरवा, ते विरघळत नाही आणि वितळतही नाही. म्हणून काय करायचं ते ओलं असतानाच. मिश्रण किती वेळ ओलं राहतं हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण तो वेळ बहुधा 25 अंशांच्या आसपासचा असतो. आपल्याकडे परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो, आणि 10 अंश वाढले की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. डब्यावर 40 मिनिटं असली तरी पत्र्याच्या खोलीत 15 मिनिटं मिळाली तर पुष्कळ.

आधी चोळू नका. चोळल्याने रेझिन धाग्यांत खोल शिरतं. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि डागाच्या कडेकडून मधे ओढत वरचा थर उचला, प्रत्येक वेळी कार्ड पुसा. मग डाग खाली येईल असा कपडा जाड घडीच्या फडक्यावर पालथा ठेवा. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून उलट्या बाजूने टिपत राहा, म्हणजे रेझिन खालच्या फडक्यात उतरतं. फडकं चिकट झालं की जागा बदला. नाहीतर काढलेलं रेझिन परत कपड्यातच जातं. एवढ्याने निघालं नाही तरच अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, पण सगळ्यांत अ‍ॅसिटोन नसतं, बाटली वाचून घ्या.

सुती कपड्याला अ‍ॅसिटोनने सहसा काही होत नाही, पण रंग जाऊ शकतो, तेव्हा आतल्या शिवणीवर आधी थेंब टाकून पाहा. अ‍ॅसिटेट या चमकदार कृत्रिम कापडाचं अस्तर मात्र त्यात अक्षरशः विरघळतं. पैठणी किंवा हिमरू असेल, तर माझं ऐका, वरचं अलगद उचला आणि तसंच जाणत्या ड्रायक्लीनरकडे न्या. जरीवर घरचे प्रयोग नकोत.

हे सगळं दारं-खिडक्या उघडून, गॅसपासून लांब. अ‍ॅसिटोनची वाफ लगेच पेट घेते. कपडा सावलीत पूर्ण सुकवा, मग थंड पाण्यात वेगळा धुवा. चिकटपणा गेल्याची खात्री होईपर्यंत ऊन नको, इस्त्री नको.

आणि रेझिन कपड्यातून अंगाला लागलं असेल, तर डाग राहू द्या, आधी कपडा उतरवा. कातडी साबण-पाण्याने धुवा, अ‍ॅसिटोनने कधीच नाही. त्याने त्वचेचं तेल निघून जातं आणि रेझिन आत शिरायला वाट मिळते. एकदा का त्याची अ‍ॅलर्जी जडली, की पुढे थोडंसं लागलं तरी खाज आणि पुरळ येतं, आणि हे काम कायमचं सुटू शकतं.