गार पाणी अंगावर घेताना: पहिलं मिनिट

(दृश्य: निफाड तालुका, जानेवारी, पहाट. द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर. विहिरीवरची मोटर सुरू होते. पाइपमधून पडणाऱ्या पाण्यातून वाफा निघताना दिसतात.)

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे इथली माणसं विहिरीच्या पाण्याने अंघोळ करतात, आणि पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटतं. खरं तर त्यात मोठासा पराक्रम नाही. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. इथे ते साधारण पंचवीस अंश भरतं. बाहेर पाच अंश असताना पंचवीस अंशांचं पाणी अंगाला कोमटच लागणार.

खरं गार पाणी आहे समोरच्या घराच्या गच्चीवर. प्लॅस्टिकच्या टाकीत रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी पहाटेपर्यंत पंधरा अंशांच्या आसपास येऊ शकतं. एकच गाव, एकच पहाट, पण या दोन बादल्यांमुळे शरीरात जे घडतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून थंड पाण्याच्या अंघोळीबद्दल बोलायचं तर आधी बादलीत थर्मामीटर बुडवावा. तापाचा नको, तो बत्तीस-पस्तीस अंशांखाली काही दाखवत नाही. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल चालतो.

(दृश्य: थर्मामीटरवरचा आकडा. तांब्या भरला जातो. खांद्यावर पाणी पडतं, छाती एकदम वर उचलली जाते.)

आपली त्वचा साधारण तेहतीस अंशांवर असते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्वचा झपाट्याने गार झाली की माणूस दचकून मोठा श्वास आत ओढतो. तो थांबवता येत नाही. पाठोपाठ धाप लागते, नाडी धावते, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब चढतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळं शिगेला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. पाणी पंधरा अंशांच्या खाली गेलं की हा झटका चांगलाच जोरदार असतो.

शरीराचं आतलं तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरायला मोठ्या माणसाला गोठणबिंदूजवळच्या पाण्यातही सहसा अर्धा तास लागतो. म्हणजे गारठून जाण्याची भीती नंतरची. गार पाण्यात जे दगावतात त्यांतले पुष्कळ जण पहिल्या एक-दोन मिनिटांतच, नाकातोंडात पाणी जाऊन किंवा हृदयाची लय बिघडून दगावतात. दचकून घेतलेल्या त्या एका श्वासात दोन-तीन लिटर हवा आत येते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी येतं.

बादलीची अंघोळ मुळातच सुरक्षित आहे ती यामुळे. तांब्या आपल्या हातात असतो, आणि नको वाटलं तर थांबता येतं. बुडी मारणाऱ्याला ती सोय नसते.

(दृश्य: गंगोत्री. काठावर थरथरत उभे असलेले यात्रेकरू, बरेचसे साठीच्या पुढचे.)

चारधाम यात्रेला दर वर्षी महाराष्ट्रातून बसगाड्या भरून माणसं जातात. गंगोत्री तीन हजार मीटरहून उंचावर आहे, आणि तिथलं पाणी हिमनदीतून नुकतंच सुटलेलं असतं, गोठणबिंदूच्या जेमतेम काही अंश वर. वय, विरळ हवा, प्रवासाचा शीण आणि बऱ्याचदा उपास. त्यावर नाक दाबून, श्वास रोखून तीन बुड्या.

श्वास रोखून चेहरा गार पाण्यात घातला की शरीर नाडी मंद करतं. सस्तन प्राण्यांमधली ही उपजत सवय आहे. त्याच वेळी छाती-पाठीला लागलेला गारवा नाडी पळवत असतो. हृदयाला दोन्ही हुकूम एकाच वेळी मिळतात. धडधाकट माणसात एखादा ठोका चुकतो आणि कळतही नाही. आधीच आजारी असलेल्या हृदयात तीच गडबड जीवघेणी ठरू शकते. रोखलेला श्वास सुटतो तो क्षण विशेष नाजूक.

तेव्हा पाय धुवावेत, हातावर आणि मानेवर पाणी घ्यावं, तोंड धुवावं आणि तांब्याने खांद्यावरून ओतून घ्यावं. बुडी मारायचीच असेल तर आधी कमरेएवढ्या पाण्यात दोन मिनिटं उभं राहून श्वास ताळ्यावर येऊ द्यावा, साखळी धरावी आणि एकच बुडी मारावी. पुण्य तेवढंच मिळतं, असं कोणताही पुरोहित सांगेल.

नाशिकच्या सिंहस्थात ही काळजी फारशी नसते. तिथली मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात. पाणी गढूळ असेल, ओढ असेल, पण ते गार नसतं.

(दृश्य: मोबाइलवर आलेला फॉरवर्ड.)

'डोक्यावर आधी पाणी घेतलं की पक्षाघात होतो, म्हणून पायापासून सुरुवात करा.' हा संदेश प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलेला आहे. पाणी ओतण्याच्या क्रमामुळे पक्षाघात होतो, हे काही सिद्ध झालेलं नाही. सल्ला मात्र वाईट नाही. पाय, मांड्या, हात, खांदे आणि शेवटी डोकं या क्रमाने झटका टप्प्याटप्प्याने बसतो. आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनीही ऊन पाणी डोक्याखालच्या अंगालाच हितकर मानलंय, डोक्यावर नाही; आणि जेवल्यावर, अजीर्णात, अतिसारात, पडसं असताना अंघोळच नको म्हटलंय.

प्रत्येक तांब्या ओतताना श्वास तोंडाने सावकाश बाहेर सोडावा. पहिल्या आठवड्यात अर्धा मिनिट पुरे. पाणी फारच गार असेल तर पंधरा अंशांच्या पंधरा लिटरमध्ये गीझरचं साठ अंशांचं तीन लिटर मिसळलं की बादली साडेबावीस अंशांवर येते. मग दर दोन-तीन दिवसांनी गरम पाणी थोडं थोडं कमी करत जावं. शरीराला सवय लवकर लागते. गार पाण्यात दोन-तीन मिनिटं, असं पाच-सहा वेळा झालं की दचकण्याचा जोर जवळपास निम्मा होतो, आणि हा फायदा काही महिने टिकतो. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची मालिका पोहून पुरी केली. त्यांतल्या आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या नॉर्थ चॅनलचं पाणी बारा ते चौदा अंश असतं, आणि तिथे वेटसूट, म्हणजे ऊब टिकवणारा पोशाख, चालत नाही. सवयीशिवाय ते अशक्यच.

मग फायदा काय? २०१६ साली नेदरलँड्समधल्या तीन हजारांवर लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शॉवरच्या शेवटी तीस, साठ किंवा नव्वद सेकंद गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी भरल्या. आजारी असण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे सर्दी व्हायची ती झालीच, पण माणसं कामावर गेली. तीस सेकंदवाले आणि नव्वद सेकंदवाले यांच्यातही फरक पडला नाही. जास्त वेळ कुडकुडण्याचं बक्षीस नाही.

अंघोळीनंतर येणारी तरतरी खरी आहे. ती नॉरअॅड्रेनलिनची, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकाची. प्रागच्या संशोधकांना चौदा अंशांच्या पाण्यात ते पाच पटींहून जास्त वाढलेलं दिसलं, पण तिथे तरुण मुलं गळ्यापर्यंत तासभर बसली होती. तो आकडा आपल्या दोन तांब्यांना चिकटवून जाहिराती केल्या जातात. 'चरबी जळते' हा दावाही असाच. वजनावर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही.

(दृश्य: जिमच्या मागचं अंगण. निळं पिंप, बर्फाची लादी फोडली जातेय.)

खेळाडूंसाठीचं गणित वेगळं. दहा ते पंधरा अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसलं की व्यायामानंतरची अंगदुखी थोडी कमी होते. पण स्नायू वाढवण्यासाठी वजनं उचलणाऱ्याने लगेच बर्फात बसू नये. नेहमी असं करणाऱ्यांचे स्नायू कमी वाढतात, हे २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं.

शंभर लिटर पाणी सव्वीस अंशांवरून पंधरावर आणायला सुमारे बारा किलो बर्फ लागतो. लादी फोडून टाकावी, ढवळावं, बर्फ विरघळला की मोजावं आणि मगच उतरावं. एका जागी बर्फ साचला तर वरचं पाणी पाच अंश आणि तळाचं वीस, असं होतं. फॅक्टरीचा बर्फ पिण्यायोग्य नसतो, तेव्हा तोंडात पाणी जाऊ देऊ नये. एकट्याने बसू नये. आणि बसण्याआधी जोरजोरात भराभर श्वास घेण्याचं जे फॅड आहे ते पाण्याजवळ अजिबात नको. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटत नाही आणि माणूस पाण्यातच शुद्ध हरपतो.

बाहेर आल्यावर गाफील राहू नये. हातापायांतलं गार रक्त परत येतं तसं आतलं तापमान आणखी वीस-तीस मिनिटं घसरतच राहतं, आणि कुडकुडी तेव्हाच सुरू होते. लगेच कढत शॉवर घेतला तर रक्तवाहिन्या एकदम सैल होऊन भोवळ येते. अंग पुसावं, आधी कमरेवरचे कपडे घालावेत, बसून गोड चहा घ्यावा. तासभर गाडी चालवू नये.

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, ठोक्यांची अनियमितता किंवा फिट येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. गरोदरपणीही तसंच. गारव्याने बोटं पांढरी-निळी पडत असतील तरी नको. आणि गार पाणी लागलं की अंगावर गांधी उठत असतील, तर पोहायला उतरणं धोक्याचं. एकदम सगळ्या अंगाला गारवा लागला की रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर कोपराखाली हातावर पाच मिनिटं बर्फाचा खडा ठेवून हे तपासतात.

(दृश्य: चंद्रपूर, मे महिना. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून तापूनच येतंय.)

गार पाण्याचा सर्वांत निर्विवाद उपयोग अंघोळीत नाहीच, उष्माघातात आहे. उन्हात राबणारा धडधाकट माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय, तर १०८ ला फोन करून लगेच गार करायला घ्यावं. गाडीची वाट बघत बसू नये. ताडपत्रीच्या चारही कडा चौघांनी उचलून धराव्यात, माणसाला मध्ये निजवावं, शंभरेक लिटर पाणी आणि बर्फ ओतावा, डोकं वर धरून पाणी हलवत राहावं. विदर्भात मेमध्ये टाकीचं पाणी चाळीस अंशांवर असतं, त्याचा उपयोग नाही. विहिरीचं, रांजणातलं किंवा बर्फाचं हवं. ताप मोजता येत नसेल तर पंधरा मिनिटं, किंवा शुद्ध येऊन बोलणं नीट होईपर्यंत. म्हाताऱ्या माणसाला बुडवू नये. कपडे काढून अंगावर पाणी मारत पंख्याचा वारा द्यावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.