चव्वेचाळीस बाइटांचा स्वभाव

[दृश्य : हिरवट करड्या पडद्यावर लढत सुरू होते. समोर ड्रॅगोनाइट, लेव्हल ६२.]

पोकेमॉन रेड या खेळातला हा लान्सचा ड्रॅगोनाइट आहे. पोकेमॉन म्हणजे पकडून, वाढवून लढवायचे काल्पनिक प्राणी, आणि त्यांना लढवणारा तो ट्रेनर. लान्स हा या खेळातल्या चार नामवंत ट्रेनरांपैकी शेवटचा, आणि ड्रॅगोनाइट हा त्याचा हुकमाचा एक्का. हायपर बीमसारखा, समोरच्याला एका फटक्यात आडवा करू शकणारा हल्ला त्याच्याजवळ आहे. तरीही त्याच्यासमोर पॉयझन प्रकारातला एखादा किरकोळ पोकेमॉन उभा केला, तर हा बलाढ्य प्राणी हल्ला बाजूला ठेवून अ‍ॅजिलिटी ही वेग वाढवणारी चाल खेळतो, मग बॅरियर ही बचावाची चाल खेळतो, आणि पुन्हा अ‍ॅजिलिटीकडे वळतो. वेग आणखी वाढण्याची मर्यादा संपते, चालीचा काहीच परिणाम झाला नाही असा मजकूर उमटतो, तरी त्याचा क्रम बदलत नाही. पाहणाऱ्याला वाटावे, की हा प्राणी बिचकला आहे, किंवा कसलीतरी वाट पाहतो आहे.

ट्रेनरांच्या बाजूने चाल निवडणारा कोड प्रत्येक चालीला सुरुवातीला सारखेच वजन देतो, आणि मग त्या ट्रेनरच्या वर्गासाठी नेमून दिलेले नियम लावून ते वजन कमीजास्त करतो. लान्सच्या वाट्याला आलेला एक नियम असा, की चालीचा प्रकार समोरच्याच्या प्रकारावर भारी पडत असेल तर ती चाल पसंत करावी. अ‍ॅजिलिटी आणि बॅरियर या दोन्ही चालींच्या नोंदीत प्रकार म्हणून सायकिक लिहिलेले आहे, आणि सायकिक पॉयझनवर भारी पडतो. ती चाल समोरच्याला इजा करते की नाही, हे मात्र हा नियम विचारतच नाही. भर म्हणजे संगणकाच्या बाजूच्या पोकेमॉनची चाल वापरण्याची संख्या कधी खर्चही होत नाही, त्यामुळे हे चक्र आपोआप थांबण्याची सोय उरत नाही. रानातल्या पोकेमॉनला तर एवढाही विचार दिलेला नाही. तो आपल्या चालींतून हाताला येईल ती उचलतो.

[दृश्य : उघडलेले कार्ट्रिज, आतली चिप आणि नाण्याच्या आकाराची बॅटरी.]

पोकेमॉन रेड आणि ग्रीन हे दोन खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आले. सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक या संस्थेने ते घडवले, आणि ज्या गेम बॉयवर ते चालत होते ते यंत्र १९८९ सालचे होते. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके आणि चार छटा होत्या, तर खेळ चालू असताना वापरायची मेमरी अवघी ८ किलोबाइट होती. एवढ्या जागेत १५१ जातींचे प्राणी सांभाळायचे होते, आणि एकाच जातीचे दोन प्राणी एकमेकांपासून वेगळे वाटावेत हीही अपेक्षा होती. माझ्या मते या खेळाची खरी कारागिरी या अडचणीच्या उत्तरात आहे. तिथे प्राण्याचा स्वभाव म्हणून वेगळे असे काहीच लिहून ठेवलेले नाही. दुसऱ्याच कामासाठी ठेवलेले आकडे स्वभावाचेही काम करतात.

तुमच्यासोबत चालणाऱ्या सहा पोकेमॉनपैकी प्रत्येकाला मेमरीत ४४ बाइट मिळतात. जात, शिल्लक ताकद, चार चाली, मालकाचा क्रमांक, अनुभव हे सारे त्यांत येते. मधल्याच दोन बाइटांत, म्हणजे १६ बिटांत, खेळाडूंनी पुढे डीव्ही हे नाव दिलेले चार आकडे दडलेले असतात: हल्ला, बचाव, वेग आणि स्पेशल (म्हणजे विशेष चालींचा जोर) यांच्यासाठी प्रत्येकी चार बिट, म्हणून प्रत्येक आकडा ० ते १५. पोकेमॉन गवतातून समोर येतो त्याच क्षणी हे आकडे ठरतात आणि त्यानंतर जन्मभर बदलत नाहीत. पडद्यावर ते कुठेही दाखवले जात नाहीत. लेव्हल ५ ला ० आणि १५ यांतला फरक एकदोन गुणांचा असतो, त्यामुळे तो कोणाच्या नजरेत भरत नाही. लेव्हल १०० ला मात्र तोच फरक ३० गुणांवर जातो.

एकूण ताकदीसाठी, म्हणजे एचपीसाठी, पाचवा आकडाही हवा होता, पण त्यासाठी बिट उरलेले नव्हते. म्हणून तो इतर चौघांकडून उसना घेतला गेला. हल्ल्याचा आकडा विषम असेल तर ८, बचावाचा विषम असेल तर ४, वेगाचा असेल तर २ आणि स्पेशलचा असेल तर १, अशी बेरीज केली की एचपीचा डीव्ही तयार होतो. एकही बिट खर्च न करता पाचवा गुण उभा राहतो, आणि चिवट प्राणी व नाजूक प्राणी असा भेद खेळाडूला जाणवू लागतो.

[दृश्य : संगणकाच्या पेटीत पोकेमॉन ठेवला जातो आणि लगेच परत काढला जातो. गुणांचे आकडे शेजारीशेजारी.]

हे दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे. सोबतच्या सहांबाहेरचे पोकेमॉन खेळातल्या संगणकाच्या पेटीत साठवले जातात. पोकेमॉन पेटीत ठेवला की त्याच्या ४४ बाइटांपैकी ३३ च जपल्या जातात. गाळलेल्या अकरांपैकी दहांमध्ये पाच गुणांचे तयार आकडे असतात आणि एकीत चालू लेव्हल असते, कारण हे सारे उरलेल्या नोंदींवरून पुन्हा काढता येते. आता, हरवलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या जातीचे मूळ गुण विजेत्याच्या खात्यात गुपचूप जमा होत असतात. हे खाते प्रत्येक गुणासाठी ६५५३५ पर्यंत भरते, पण एरवी त्याचा हिशेब लेव्हल वाढतानाच होतो. लेव्हल १०० ला पोहोचलेल्या पोकेमॉनची लेव्हल पुढे वाढणारच नसते, तेव्हा त्याने जिंकलेल्या लढतींचे फळ त्याला मिळावे कसे? त्याला पेटीत ठेवून परत काढले, की खेळ त्याचे गुण नव्याने मोजतो आणि साचलेली सारी मेहनत एकदम अंगी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की विश्रांती घेऊन तो ताजातवाना झाला.

खेळातल्या इतर ट्रेनरांच्या पोकेमॉनना हे वेगळेपण मिळालेले नाही. त्या सर्वांचे डीव्ही एकच आहेत, हल्ला ९ आणि बाकीचे ८, आणि कष्टाचे खातेही रिकामे. म्हणजे लेव्हल सारखी असेल, तर तुम्हाला भेटणाऱ्या ट्रेनरांकडचा एका जातीचा प्रत्येक पोकेमॉन गुणांनी तंतोतंत जुळा असतो.

[दृश्य : पिवळे कार्ट्रिज. खेळाडूच्या मागे चालणारा पिकाचू. खेळाडू वळतो, बटण दाबतो, पिकाचूचा चेहरा मोठा दिसतो.]

सप्टेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये यलो आवृत्ती आली आणि तिच्यात पिकाचू, इतर पोकेमॉनना ठेवतात तशा चेंडूत न बसता, मालकाच्या मागून चालू लागला. त्याच्याकडे वळून बटण दाबले की त्याचा चेहरा उमटतो: कधी खुशीत, कधी रुसलेला, कधी नुसताच तोंड फिरवून बसलेला. या चेहऱ्यामागे दोन बाइट आहेत. एक मैत्रीची, जी ९० पासून सुरू होते, आणि दुसरी मनःस्थितीची, जी १२८ पासून सुरू होते. दोन्हींची कमाल २५५. मैत्री संथपणे घडते, मनःस्थिती प्रसंगागणिक हलते, आणि दोन्हींचा मेळ घालून तक्त्यातून चेहरा निवडला जातो.

मैत्री किती वाढावी हे ठरवणारा तक्ता मला फार मोलाचा वाटतो. पिकाचूची लेव्हल वाढली आणि मैत्री १०० च्या खाली असेल तर तिच्यात ५ ची भर पडते, १०० ते १९९ मध्ये असेल तर ३ ची, आणि २०० च्या वर फक्त २ ची. म्हणजे ओळख लवकर होते, पण जिव्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्याला वेळ लागतो. पिकाचू लढतीत बेशुद्ध पडला तर मैत्री किंचित घटते. पण समोरचा प्राणी त्याच्यापेक्षा ३० किंवा अधिक लेव्हलने वरचढ असेल, तर घट जास्त होते, कारण मग तो मालकाचा निष्काळजीपणा मानला जातो. लढतीतला पराभव आणि मालकाने जिवावर लोटून दिल्याचा पराभव यांतला भेद ज्याने एका ओळीत लिहून ठेवला, त्याने सोबतीचा विचार मनापासून केला होता. सेरुलियन गावातली मुलगी आपला बल्बासोर तुमच्या हवाली करते तेही ही बाइट पाहूनच: आकडा १४७ किंवा त्याहून अधिक हवा.

एरवी थंडर स्टोन हा दगड लावला की पिकाचूचे रायचू या पुढच्या रूपात रूपांतर होते. हा पिकाचू मात्र तो दगड नाकारतो आणि रायचू होत नाही. खेळ त्याला ओळखतो तो जात, मूळ मालकाचा क्रमांक आणि मालकाचे नाव यांवरून. मैत्रीची बाइट तर त्याच्या ४४ बाइटांत नाहीच. ती कार्ट्रिजच्या सेव्हमध्ये वेगळी पडून असते. त्यामुळे त्याला दोन यंत्रे जोडणाऱ्या केबलने रेड किंवा ब्लू या आधीच्या आवृत्त्यांमध्ये पाठवले, की तो इतर पिकाचूंसारखाच होतो आणि दगड लावताच मुकाट्याने रायचू बनतो.

मात्र एक खूण त्याच्याबरोबर जाते. प्रत्येक पोकेमॉनच्या नोंदीत, तो पकडायला किती सोपा याचा आकडा एका बाइटात असतो, आणि पकडून झाल्यावर त्याला काही काम उरत नाही. पुढच्या पिढीच्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये, जे २१ नोव्हेंबर १९९९ रोजी आले, नेमकी हीच जागा हातात धरलेल्या वस्तूसाठी वापरली गेली. यलोमधल्या पहिल्या पिकाचूच्या या बाइटात १६३ लिहिलेले आहे, आणि नव्या खेळात १६३ म्हणजे लाइट बॉल, पिकाचूचा स्पेशल हल्ला दुप्पट करणारी वस्तू. जुन्या कार्ट्रिजमधून टाइम कॅप्सूल या जुन्या-नव्या खेळांतल्या देवाणघेवाणीच्या वाटेने आलेला पिकाचू म्हणून हातात काहीतरी घेऊनच येतो, आणि इथे प्रत्येक पोकेमॉनला मैत्रीची स्वतःची बाइट असल्यामुळे त्याची मैत्री ७० पासून नव्याने सुरू होते.

[दृश्य : लेक ऑफ रेज. पाण्यातून लाल ग्यारडोस वर येतो.]

गोल्ड आणि सिल्व्हरला रंग, लिंग, अंडी असे बरेच नवे द्यायचे होते, पण जुन्या खेळांशी देवाणघेवाण टिकवायची तर प्राण्याची जुनी नोंद मोडता येत नव्हती. म्हणून त्याच १६ बिटांना आणखी कामे लावली गेली. हल्ल्याचा डीव्ही कमी असेल तर मादी, जास्त असेल तर नर. बचाव, वेग आणि स्पेशल तिन्ही १० आणि हल्ला २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५ यांपैकी एक असेल तर अंगाचा रंग वेगळा. ६५५३६ शक्यतांपैकी अशा ८ च आहेत, म्हणजे ८१९२ मध्ये एक. लेक ऑफ रेज या तळ्यातल्या ग्यारडोस या पोकेमॉनला हे आकडे हाताने भरून दिलेले आहेत, म्हणून तो प्रत्येकाला लालच भेटतो.

एका आकड्याला दोन कामे दिली की त्या कामांचे आपसात नाते जडते, आणि इथे एक अशी जागा तयार होते जी कोणी मुद्दाम ठरवली असेल असे वाटत नाही. ज्या जातींत आठात एकच मादी असते, उदाहरणार्थ सुरुवातीला मिळणारे तीन पोकेमॉन, त्यांत मादी होण्यासाठी हल्ल्याचा डीव्ही ० किंवा १ लागतो. वेगळ्या रंगासाठी तो किमान २ लागतो. या दोन अटी एकत्र येऊच शकत नाहीत. कितीही अंडी उबवली तरी या खेळांत त्या तिघांपैकी एक असलेल्या चिकोरिटाची वेगळ्या रंगाची मादी जन्माला येत नाही. अनौन या अक्षररूपी प्राण्याचे अक्षरही चारही आकड्यांच्या मधल्या दोन-दोन बिटांवरून ठरते, आणि म्हणून वेगळ्या रंगाचा अनौन फक्त आय आणि व्ही या दोनच अक्षरांत सापडतो.

२००२ सालच्या रुबी आणि सफायरने जुन्या खेळांशी असलेला दुवा तोडला, आणि मग प्रत्येक प्राण्याला ३२ बिटांचा एक मोठा छुपा आकडा मिळाला. त्याला २५ ने भागून उरते त्यावरून २५ स्वभावांपैकी एक ठरतो, शेवटच्या बाइटावरून लिंग ठरते, आणि स्पिंडा या पोकेमॉनच्या अंगावरचे चार ठिपके कुठे पडतील तेही त्यावरूनच. वर्मपल हा सुरवंट लेव्हल ७ ला सिलकून होतो किंवा कॅसकून, आणि पुढे त्यातून फुलपाखरू निघते किंवा पतंग. मालक त्याला कसेही वाढवो, निकाल त्याच्या या आकड्याच्या वरच्या १६ बिटांत आधीच लागलेला असतो.

[दृश्य : एमराल्ड, बॅटल पॅलेस. दोन पोकेमॉन समोरासमोर.]

२००४ च्या एमराल्ड या आवृत्तीत बॅटल पॅलेस नावाचे लढतींचे ठिकाण आहे, आणि इथे ट्रेनरला चाल निवडण्याचा हक्कच नाही. पोकेमॉन स्वतः खेळतो. त्याच्या चाली हल्ला, बचाव आणि पूरक अशा तीन गटांत वाटल्या जातात, आणि कोणत्या गटाकडे त्याचा किती कल असेल हे त्याच्या स्वभावावरून, म्हणजे अखेर त्या ३२ बिटांवरून, ठरते. प्रत्येक स्वभावासाठी टक्केवारीचे दोन संच आहेत: एक अंगात ताकद असतानाचा, दुसरा ती निम्म्यावर उतरल्यानंतरचा. समोरचा फटका बसतो, ताकदीची पट्टी अर्ध्याखाली येते, आणि त्या प्राण्याच्या डोळ्यांत चमक आल्याचा मजकूर पडद्यावर उमटतो. आता पुढची चाल दुसऱ्या संचातून निघेल, आणि ती कोणती हे ट्रेनरला प्राण्याने हालचाल करेपर्यंत कळणार नाही.